नर्स व्हावी, पण शेजारच्या घरातली!

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्याच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या अकरा रात्री मी तिच्या खाटेशेजारच्या अरुंद बाकावर काढल्या. सोबतीला माझी भाची होती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ती अकरावी सायन्सला होती. परीक्षा देऊन सुट्टीसाठी म्हणून आजीकडे आली, आणि आजीबरोबर तिचीही सुट्टी रुग्णालयातच गेली.

शस्त्रक्रियेनंतरची तिसरी रात्र. दोनचा सुमार असेल. आई शांत झोपली होती. निदान आम्हा दोघींना तसे वाटत होते. रात्रपाळीची नर्स फेरीवर आली. पंचविशीतली, लातूरकडची मुलगी. आईच्या बोटाला लावलेल्या चिमट्यातला आकडा तिने पाहिला, मग घड्याळाकडे नजर ठेवून आईच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजली. दोनदा हाक मारली. मग काही न बोलता खाटेचा उशाकडचा भाग वर केला, प्राणवायूची नळी लावली आणि डॉक्टरांना फोन केला. दहा मिनिटांत डॉक्टर आले. फुप्फुसात जंतुसंसर्गाची सुरुवात होती. सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, "रात्रीच लक्षात आले म्हणून निभावले."

मी त्या मुलीला म्हटले, "सिस्टर, आम्हाला तर आई झोपलेलीच वाटली हो!"

"झोप वेगळी आणि गुंगी वेगळी, ताई," ती म्हणाली, "श्वास मोजला की कळते." आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

भाची ऐकत होती. त्या दिवसापासून ती त्या मुलीच्या मागे मागे फिरू लागली. दोन दोन तासांनी आजीला कुशीवर कसे वळवायचे, सलाइनचे थेंब कसे मोजायचे, लघवीच्या पिशवीतले माप कशासाठी लिहून ठेवायचे, हे विचारून विचारून तिने त्या बिचारीला भंडावून सोडले. आणि घरी परतल्यावर पहिल्याच रात्री जेवताना तिने वडिलांना सांगून टाकले, "बाबा, मला नर्सिंग करायचे आहे."

पुढे जे रामायण घडले ते काय सांगावे! आमचे भावजी मोठे सज्जन गृहस्थ. आईला घरी सोडले त्या दिवशी त्या सिस्टरच्या हातावर पेढ्यांचा पुडा ठेवणारे तेच, आणि "मुलगी नव्हे, देवी आहे" असे चारचौघांत म्हणणारेही तेच. पण ती देवी आपल्याच घरात प्रकट होणार म्हटल्यावर त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "एवढे सायन्स घेतलेस ते काय लोकांची भांडी उचलायला? डॉक्टर हो. नीटची तयारी कर. क्लासचे पैसे मी भरतो. नाही लागला नंबर, तर मग पाहू नर्सिंगचे."

"म्हणजे नर्सिंग हे नापास झाल्यावर करायचे का, बाबा?" भाचीने विचारले. त्यावर कोणालाच उत्तर सुचेना.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असे आपण हसत हसत म्हणतो. नर्सचेही तसेच झाले आहे. आपले माणूस खाटेवर पडले की उशाशी उत्तम नर्स हवी. ती शिकलेली, हसतमुख, न थकणारी हवी. फक्त ती आपल्या घरातली नको! वडीलधाऱ्यांचे हे मत मला ठाऊकच होते. पण ज्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न, त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना काय वाटते? ते कोणी त्यांना विचारले आहे का? म्हटले, आपणच विचारावे.

चिठ्ठ्या बोलू लागल्या

श्रावणात ताईकडे गेले तेव्हा भाचीच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन आले. प्राचार्यांनी एक तास दिला. बारावीचा वर्ग. मी सरळ विचारले, "तुमच्यापैकी नर्स कोणाला व्हायचे आहे?" सगळीकडे शुकशुकाट. मग दोन हात वर झाले. त्यातला एक भाचीचा. मागून कोणीतरी खुसकन हसले.

हात वर करायला धैर्य लागते, हे माझ्या ध्यानात आले. म्हणून मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचे नाही. नर्सिंगविषयी मनात असेल ते, बरे-वाईट, लिहायचे. दहा मिनिटांत माझी पिशवी भरली. घरी येऊन त्या चिठ्ठ्या वाचत बसले तो चहा निवून गेला. ज्या मुलांना आपण अल्लड म्हणतो त्यांनी किती नेमके प्रश्न विचारले होते!

"नर्स डॉक्टरच्या हाताखाली असते. मला कोणाच्या हाताखाली काम करायचे नाही," असे एकीने लिहिले होते. "मला रक्त चालेल, उलटी चालणार नाही," असे दुसरीने. "आत्या नर्स आहे. दिवाळीच्या दिवशीसुद्धा ती घरी नसते," असे तिसरीने. एका चिठ्ठीवर फक्त चारच शब्द होते, "ते सुरक्षित आहे का?" आणि एक चिठ्ठी मुलाच्या अक्षरातली असावी: "मला आवडेल. पण मित्र काय म्हणतील?"

या प्रश्नांची उत्तरे मी कोण देणार? पुण्याला परतल्यावर पिशवी घेऊन मी त्या लातूरच्या मुलीकडेच गेले. तिची रात्रपाळी नुकतीच संपली होती. उपाहारगृहात पोहे मागवले आणि एकेक चिठ्ठी तिच्यापुढे ठेवत गेले.

हाताखालचे काम?

पहिली चिठ्ठी वाचून ती हसली. म्हणाली, "डॉक्टर दिवसातून दोनदा फेरीला येतात. बाकीचे बावीस तास रोग्याजवळ कोण असते? औषध डॉक्टर लिहून देतात हे खरे. पण देताना मला पाच गोष्टी ताडून बघाव्या लागतात: रोगी तोच का, औषध तेच का, मात्रा बरोबर आहे का, द्यायचा मार्ग बरोबर आहे का आणि वेळ बरोबर आहे का. एखादी मात्रा जास्त वाटली तर ती न देता डॉक्टरांना विचारणे हे माझे काम आहे. हाताखालचा माणूस असे विचारतो का?"

तिचे हे बोलणे ऐकताना मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलची आठवण झाली. शाळेच्या पुस्तकात आपण तिला हातात दिवा घेतलेली दयाळू बाई म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. ही बाई एका श्रीमंत इंग्रज घराण्यात १८२० साली जन्मली. तिने नर्स व्हायचे म्हटले तेव्हा तिच्याही घरी रामायणच झाले होते! १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, आणि तिथे दिव्याइतकीच तिने वहीही हातात धरली. किती सैनिक दाखल झाले, किती मेले, कशाने मेले, याचा हिशेब मांडला. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी माणसे अधिक मेली, हे तिने युद्धानंतर आकड्यांनिशी, रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची ती पहिली स्त्री सदस्य. पुढे १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात तिच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली. म्हणजे आधुनिक नर्सिंगचा पाया दयेवर आहे तितकाच निरीक्षणावर आणि गणितावर आहे. आईचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजणारी ती मुलगी त्याच शाळेची वंशज. ज्या मुलींना जीवशास्त्र आवडते, आकडे आवडतात, त्यांना हे कोणी सांगतच नाही.

घाण, रात्र आणि लग्न

"भांडी उचलण्या"विषयी मी जरा चाचरतच विचारले. ती मात्र मुळीच लाजली नाही. म्हणाली, "पहिल्या वर्षी मला दोन दिवस जेवण गेले नाही. पुढे सवय झाली. पण सवयीहून मोठी गोष्ट म्हणजे मला ते वाचता येऊ लागले. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला तर पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असू शकतो. लघवी कमी झाली तर मूत्रपिंडाची काळजी घ्यावी लागते. न बघता ते भांडे ओतून टाकले तर रोग्याची बातमीच गटारात जाईल!"

भावजींनी हे ऐकायला हवे होते असे मला फार वाटले.

रात्रपाळीचे मात्र तिने समर्थन केले नाही. "रात्र ती रात्रच," ती म्हणाली, "पण ताई, रात्रीचे जागरण त्रास देत नाही तेवढी माणसांची टंचाई देते. पाच रोग्यांमागे एक नर्स असावी असा नियम आम्ही पुस्तकात शिकलो. माझ्या वॉर्डात रात्री पंचवीस रोगी असतात आणि आम्ही दोघी. मग एखादा नातेवाईक ओरडतो, सिस्टर, केव्हापासून बेल वाजवतोय! त्याचेही चुकत नाही आणि माझेही चुकत नाही."

हा पाचास एकचा निकष सामान्य रुग्णालयांच्या वॉर्डांसाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलने घालून दिलेला आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तर तो तिनास एक असा आहे. टंचाई काही आजची नव्हे. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याच्या पाहणीचा अहवाल दिला तेव्हा सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स अशी आपली स्थिती होती. त्यानंतर कितीतरी शाळा निघाल्या, कितीतरी मुली शिकल्या, तरी बेल वाजतेच आहे. जगाचीही तीच कथा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचे म्हणून पाळले. त्या वर्षीच्या अहवालात जगात सुमारे ५९ लाख नर्स कमी पडतात असा हिशेब दिला होता. आणि नेमक्या त्याच वर्षी कोविड आला! थाळ्या वाजवून आपण नर्सचे कौतुक केले. त्याच काळात कित्येक नर्सना भाड्याच्या खोल्या सोडायला सांगण्यात आले, हेही आपण वर्तमानपत्रांत वाचले.

लग्नाचा प्रश्न निघाला तेव्हा ती खळखळून हसली. "मला चार मुलांनी नकार दिला. कारण काय, तर रात्रपाळी. पाचव्याच्या आईने होकार दिला. कारण काय, तर घरात औषधपाण्याचे कळणारे कोणी हवे! त्यालाच मी नकार दिला. मला नवरा हवा होता, आणखी एक वॉर्ड नको होता."

तिचे आता लग्न झाले आहे. नवरा बसवाहक आहे. त्याचीही पाळी असते. दोघे वेळापत्रक समोर ठेवून महिन्याचा संसार मांडतात.

ते सुरक्षित आहे का?

चार शब्दांची ती चिठ्ठी मी शेवटी ठेवली होती. ती वाचल्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. थोडा वेळ ती पोह्यांची बशी उगीचच फिरवत राहिली. "आम्हाला शिकवताना अरुणाताईंची गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली.

वाचकांनाही ती ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली अरुणा शानबाग ही तरुण नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिथल्या एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि साखळीने तिचा गळा आवळला. तिचा मेंदू कायमचा जायबंदी झाला. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ ला तिचा मृत्यू होईपर्यंत, ती त्याच रुग्णालयातल्या एका खोलीत पडून होती. तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले ते केईएमच्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण त्यांनी ती खाट सोडली नाही. तिला इच्छामरण द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा याच परिचारिकांनी त्याला विरोध केला. न्यायालयाने २०११ मध्ये तो अर्ज फेटाळताना त्यांच्या सेवेचा गौरव केला.

या एका घटनेत नर्सिंगची सगळी थोरवी आहे आणि आपली सगळी लाजही आहे. त्या मुलींनी आपल्या मैत्रिणीला सांभाळले. पण आपण त्यांना सांभाळले का? कायदे झाले. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर हात उगारणाऱ्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये कायदा केला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशाचा कायदा २०१३ मध्ये झाला आणि तक्रार समिती नेमणे संस्थांवर बंधनकारक झाले. पण सतरा वर्षांच्या मुलीला कलम पाठ करून दाखवले म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले असे नव्हे. रात्री अकराला पाळी संपल्यावर घरी कसे जायचे, कपडे बदलायची खोली आतून बंद होते का, जिन्यावरचा दिवा लागतो का, हे तिचे प्रश्न आहेत. नोकरीला जाताना तिने ते विचारावेत आणि विचारल्यावर कोणी तोंड वाकडे करू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

पैशाची बाजू

सेवाव्रत, त्याग, माया हे शब्द आपण नर्सवर इतके उधळतो की तिच्या पगाराचा विषय काढणे म्हणजे जणू अब्रह्मण्यम्! मुलांनी मात्र तो निःसंकोच काढला होता. "शिक्षणाला जेवढा खर्च येतो तेवढा पगार मिळतो का?" असे एकाने लिहिले होते.

खरे उत्तर असे, की नोकरी कुठे यावर ते अवलंबून आहे. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सला आता 'नर्सिंग ऑफिसर' म्हणतात आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे तिचे मूळ वेतनच ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. उलट लहान खासगी रुग्णालयांत शिकलेल्या मुलींना याच्या पाव हिश्श्यावर राबवून घेतल्याच्या तक्रारी कायमच्याच. हे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने नर्सला राज्य सरकारइतका पगार द्यावा आणि अगदी लहान रुग्णालयातही तो महिना २०,००० रुपयांखाली नसावा. शिफारस चांगली होती. ती अमलात आणण्याचे काम मात्र राज्याराज्यांवर राहिले आणि बरेचसे रेंगाळले.

म्हणूनच मुलींच्या नजरा परदेशाकडे लागतात. केरळातल्या मुलींनी ही वाट पूर्वीच मळली. आखातात आणि युरोपात त्यांनी घरे उभी केली. आता आपल्याकडच्या मुलीही जर्मन शिकू लागल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यात नर्सिंगही आहे. जावे, अवश्य जावे. पण भाषेची परीक्षा नीट द्यावी, आणि दलालाच्या हाती पैसे देण्यापूर्वी करारपत्रातली ओळ न् ओळ वाचावी. पोरींनो, सही करण्याची घाई करू नका.

मागच्या बाकावरचा ब्रदर

"मित्र काय म्हणतील?" असे लिहिणारा मुलगा कोण हे मला शेवटपर्यंत कळले नाही. वर्ग सुटल्यावर एक उंचनिंच मुलगा दाराशी घुटमळत होता खरा. "मॅडम, मुलांना घेतात का?" एवढेच विचारून तो पळाला.

घेतात, बाळा. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. हाड मोडलेल्या माणसाला उचलायला, अतिदक्षता विभागात, अपघाताच्या कक्षात त्यांची गरज असते. पुरुष रोग्यांनाही कित्येकदा संकोच वाटत नाही म्हणून ब्रदरच हवा असतो. जगातल्या नर्सपैकी बहुसंख्य स्त्रिया आहेत हे खरे. पण शुश्रूषा ही बायकांच्या रक्तातच असते असे म्हणणे म्हणजे तिला शिक्षणाची गरज नाही असे म्हणण्यासारखे आहे. तो श्वास मोजण्याची विद्या तीन-चार वर्षे घासून मिळते. ती ज्याला हवी त्याची.

आपण विसरलो तो वारसा

या साऱ्या विचारात असताना भाचीच्या महाविद्यालयातली एक गोष्ट मला राहून राहून आठवत होती. वर्गाच्या भिंतीवर सावित्रीबाई फुल्यांची तसबीर होती. मी मुलांना विचारले, "सावित्रीबाई कशाने वारल्या?" फार थोड्यांना ठाऊक होते. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ त्यांनी डॉक्टर मुलाच्या मदतीने रोग्यांची सेवा केली. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. पहिली शिक्षिका म्हणून आपण त्यांना हार घालतो. त्यांचे अखेरचे काम शुश्रूषेचे होते, हे सांगायला मात्र विसरतो.

रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले आणि पुढे दोनेक वर्षांत तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण देवविण्यास आरंभ केला. पांढरपेशा घरच्या विधवेने परक्या, परजातीच्या रोग्याला हात लावायचा, ही कल्पनाच त्या काळी लोकांना सहन होत नव्हती. रमाबाईंनी टीका सोसली आणि वर्ग चालू ठेवला. त्याही आधी, १८९१ मध्ये, मुंबईत शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. आनंदीबाई जोशी आपल्या तोंडपाठ आहेत, आणि असाव्यातच. पण काशीबाई किती जणांना ठाऊक? डॉक्टर झालेली पहिली मुलगी आपण लक्षात ठेवली. नर्स झालेली विसरलो. माझी भाची जेवणाच्या ताटावर ज्या प्रश्नाला अडली, त्याचे मूळ इथे आहे.

वाटा कोणत्या?

ज्यांना खरोखरच या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. बारावीनंतर तीन मार्ग आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावोगावच्या उपकेंद्रांत लस टोचणाऱ्या, बाळंतिणींची काळजी घेणाऱ्या सिस्टर यातून तयार होतात. जीएनएम हा तीन वर्षांचा. कला शाखेच्या मुलींनाही तो खुला आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते आणि महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी प्रवेश-परीक्षा असते. पुढे एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत जाता येते. शिकवता येते, संशोधन करता येते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेपासून परिसेविका, अधिसेविका अशी चढण आहे.

शिक्षण पुरे झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच संस्थेला मान्यता आहे का, तिला स्वतःचे रुग्णालय आहे की कागदावरचे, हे पाहावे. चकचकीत इमारतीला भुलू नये. ज्या शाळेच्या मुलींना रोगीच बघायला मिळत नाहीत, ती शाळा पोहायला न जाता पोहणे शिकवणारी समजावी.

आणि घरची गोष्ट

गणपतीला आम्ही सगळे ताईकडे जमलो. आई चाकाच्या आधाराने आता घरभर फिरते. आरती झाली, प्रसाद झाला, आणि कोणीतरी भाचीला विचारले, "काय, पुढे डॉक्टर का?" भाची काही बोलली नाही. भावजींनी पानाला चुना लावायला घेतला. मी चिठ्ठ्यांची पिशवी उघडण्याच्या बेतात होते, पण आईच बोलली.

"जावईबापू, त्या रात्री मला उचलून बसवले ती कोणाची तरी लेकच होती ना? तिच्या बापाने तिला जाऊ दिले, म्हणून मी तुमच्या गणपतीला आले."

भावजी बराच वेळ गप्प राहिले. मग पान तोंडात न घालताच म्हणाले, "ते ठीक आहे, आई. पण पुण्यामुंबईला शिकायला राहायचे म्हणजे वसतिगृह कसले असते? रात्रपाळीहून मुलींना आणायला गाडी असते का? ते बघून यायला हवे."

"मी येईन तुमच्याबरोबर," मी म्हटले.

प्रवेश-परीक्षेच्या अर्जांना अजून अवकाश आहे. दिवाळी झाली की आम्ही दोघे तीन-चार ठिकाणी जाऊन येणार आहोत. भावजींनी विचारायच्या प्रश्नांची यादी केली आहे. त्यात जिन्यावरच्या दिव्याचाही प्रश्न आहे. भाचीच्या नीटच्या क्लासचे पैसे अजून भरलेले नाहीत.

वाचकहो, या दिवाळीत फराळाला बसाल तेव्हा एखाद्या वॉर्डात कोणाची तरी लेक, कोणाचा तरी मुलगा पाळीवर असेल. आपल्या घरातले पोर उद्या "मला नर्स व्हायचे आहे" असे म्हणाले, तर निदान लगेच नाही म्हणू नका. हातातला घास खाली ठेवा आणि त्याला विचारा, "का रे?" उत्तर ऐकण्यासारखे असेल.